पुळण दाराशी आली

प्रिय लिंदाल्वा,

हे पत्र तुला दोनदा मिळालं तर बाप भ्रमिष्ट झाला असं समजू नकोस. मी मुद्दामच दोन लिहितोय. एक वाल्दिरच्या लाँचवरून खाली मनाउसला जाईल, तुझ्या जुन्या पत्त्यावर. दुसरं, हेच, शब्द न् शब्द उतरवून, नदीनं वर बोआ-फेच्या बंदरावर जाईल. बोआ-फेला आपलं कोण आहे, असं तू विचारशील. कोणीच नाही. पण ते ओघात येईल. मला एका दमात काही सांगता येत नाही, तुला माहीतच आहे. मनाउसचं पत्र कसाव्याच्या भरड्याच्या डब्यात, अगदी तळाशी, मेणकापडात गुंडाळून ठेवलंय. डबा उघडताना खाली काहीतरी अंथर, नाहीतर भरडा सांडेल आणि तुझी आई तो भाजता भाजता अर्धी झाली आहे. वाल्दिरच्या लाँचवरच्या स्वैपाकिणीच्या हातात डबा दिलाय. बाई विश्वासू आहे, फक्त झोपाळू आहे. त्याचीच मला काळजी.

आम्ही बरे आहोत. घराच्या शिडीच्या पायऱ्या आता मला पूर्वीपेक्षा उंच वाटतात, पण शिडी तीच आहे, म्हणजे गुडघेच बदलले असणार. तुझ्या आईचा खोकला गेला असं ती म्हणते. मला वाटतं, गेलेला नाही, ती माझ्यासमोर खोकत नाही एवढंच. कासवांच्या पुळणीच्या राखणदारांचा म्होरक्या आता ओझिएल आहे, तोच तो, ज्यानं लहानपणी तुझं वल्हं पाण्यात पाडलं आणि तू त्याला होडीतून ढकललं होतंस. चांगला निघाला. मला अजून काका म्हणतो आणि प्रत्येक गोष्ट विचारून करतो, म्हणून मलाही अजून प्रत्येक गोष्टीची काळजी करावी लागते. राखणदारी सोडून द्यावी असं दरवर्षी मनात येतं. मग पाणी उतरायला लागतं, आणि मी पुन्हा पाण्यात बुडवलेल्या वल्ह्याचा दांडा कानाला लावून कानोसा घेत बसतो.

तुझा निरोप रेडिओवर ऐकला. बॅटरी संपत आलेली, म्हणून आम्ही दिवसभर रेडिओ लावत नाही, फक्त संध्याकाळी नदीकाठच्या लोकांचे निरोप वाचतात तेवढ्यापुरता. आधी कुणाची तरी सासू दवाखान्यातून सुटल्याचं सांगितलं, मग कुणी तरी आपल्या भावाकडे करवत परत मागितली, आणि मग एकदम, मिरिती गावच्या आल्देनोर आणि झुल्मिरा यांना त्यांची मुलगी लिंदाल्वा कळवते की पाणी चढायच्या आत ती घरी येत आहे, एकटी नाही. लगेच पुढचा निरोप. मी रेडिओ उचलून कानाशी धरला, जसा काही तो माणूस माझ्यासाठी हळूच पुन्हा सांगणार होता. तुझी आई भरडा भाजत होती. तिनं हात थांबवला नाही, पण त्या दिवशीचा भरडा करपला. आम्ही तोच खाल्ला.

पण निरोप काय आम्ही दोघांनीच ऐकला? अख्ख्या नदीनं ऐकला. दुसऱ्या दिवशी सकाळी क्रेउझाबाई मासे द्यायच्या निमित्तानं आल्या. एकटी नाही म्हणजे नवरा, असं त्यांचं म्हणणं. त्यांची सून म्हणाली, नवरा असता तर आम्ही येतोय असं म्हणाली असती, हे मूल आहे. ओझिएलच्या बापाला वाटलं तू एखादी म्हातारी सांभाळायला घेऊन येतेयस. यावर दोन घरांत अबोला झाला, खरंच सांगतो. तुझी आई कुणाच्याच बाजूनं बोलली नाही. तिनं जुनी लहान झोळी काढली, तुझी, निळ्या काठाची. धुतली, वाळवली, घडी घालून पुन्हा आत ठेवली. 

त्याच संध्याकाळपासून तिनं धक्क्यावरच्या खांबाला कंदील टांगायला सुरुवात केली. तुला रीत ठाऊक आहे. वर येणारी लाँच आपल्या वळणावर अंधार पडल्यावर पोचते आणि धक्क्यावर कंदील असेल तिथंच थांबते. ज्याच्या धक्क्यावर कंदील नाही त्याच्या घरी कोणी नाही, गेले किंवा मेले, असं समजून तांडेल पुढं जातो. तू महिना सांगितला नाहीस, लाँचचं नाव सांगितलं नाहीस, तेव्हा ती रोजच कंदील लावणार हे उघड होतं. नवी वात आणली. काच राखेनं घासून घासून इतकी लख्ख केली की एकदा एक वटवाघूळ तिच्यावर आपटलं. मलाही बरं वाटायचं, खोटं का बोलू. खाली उजेड दिसला की घरात कोणी येऊन बसल्यासारखं वाटतं.

आता नदीचं सांगतो. यंदा पाणी फार चढलं. बुडीत रानात आम्ही झाडांच्या शेंड्यांमधून होडी चालवली. जावारीच्या ताडांखाली कासवं फळं खात होती, तुला आठवतं, टपकन फळ पडायचं आणि त्या जागी पाण्यातून एक डोकं वर यायचं. तू होडीच्या तळाला कान लावून पालथी पडायचीस आणि म्हणायचीस, बाबा, ती बोलतायत. मी म्हणायचो, ते लाकूड करकरतंय. तुझीच गोष्ट खरी होती. मागं इथं काही शिकलेली माणसं आली होती, त्यांनी पाण्यात यंत्र सोडून ऐकलं. माद्या बोलतात म्हणाले. डोहात थांबून पिलांना हाका मारतात, पिलं अंड्यातूनच उत्तर देतात, आणि पाणी चढलं की सगळी मिळून रानात जातात. आपल्याकडे म्हणतात कासवी पिलांना दूध पाजत नाही, नुसत्या नजरेनं वाढवते. हाकेचं कोणी सांगितलं नव्हतं. तुझ्या आईनं ते ऐकलं, आणि मला वाटतं, ते तिच्या मनात राहिलं.

तर, पाणी उतरायला लागलं तशी कासवं रानातून तळ्यात आली, तळ्यातून ओहोळानं नदीत, दरवर्षीसारखी. आम्ही ओहोळाच्या तोंडाशी जाळी लावू देत नाही, अजूनही. तिथून ती खाली मोठ्या पुळणीकडं गेली. पण पुळण होतीच कुठं? पुरानं तिचं डोकं कापून नेलं होतं. उरला होता चिखल आणि त्यात उभी राहिलेली मेलेली झाडं. आम्हाला आधीच दिसलं होतं, पण आपण माणसं, आपल्याला वाटतं अजून थोडं पाणी उतरलं की वाळू निघेल. वाळू निघाली नाही. माद्या त्या जुन्या जागेसमोर वर-खाली, वर-खाली फिरत राहिल्या. सकाळी मी जाऊन बसायचो आणि त्यांची डोकी बघायचो. घर सापडत नाही असं माणूस जसं गल्लीच्या तोंडाशी उभं राहतं, तसं. दुसरीकडं कुठं जातील? या नदीवरच्या बाकीच्या पुळणी आमच्या बापजाद्यांनी रिकाम्या केल्या. अंड्यांचं तेल काढून दिवे जाळले, मांस पिंपांत भरून विकलं. उरली ती ही एक. गावानं अंडी खाणं सोडलं त्याला आता किती पावसाळे झाले, आणि तेव्हा कुठं माद्या पुन्हा दिसतील इतक्या झाल्यात.

नदीनं एका हातानं काढून घेतलेली वाळू दुसऱ्या हातानं टाकली होती, लिंदाल्वा, आणि ती टाकली होती आपल्या धक्क्याखाली. जिथं तू कपडे धुवायचीस तिथपासून वळणाच्या टोकापर्यंत, लांबच लांब, उंच, स्वच्छ वाळू. आधी आम्हाला आनंद झाला. तुझ्या आईनं कलिंगडाच्या बिया भिजत घातल्या. आणि मग एका सकाळी मी दात घासायला खाली उतरलो तर आपल्या दारासमोरच्या डोहात डोकीच डोकी. सगळ्या जणी घराकडं तोंड करून. माझ्या तोंडातलं पाणी मी गिळलं.

राखणदारानं खूश व्हायला हवं होतं. मला मात्र धडकी भरली, कारण नियम मलाच सगळ्यात चांगले माहीत. कासवं डोहात जमली की पाण्यावरून दिसेल असा उजेड नको. काठावर चूल नको. कुत्री मागं बांधायची. लाँचनं वळणाच्या अलीकडेच दिवे झाकायचे, इंजिन खोकल्याइतकं मंद करायचं, पलीकडच्या काठाला चिकटून जायचं, पुढं एकानं बांबूनं पाणी चाचपायचं आणि कोणी हाक मारायची नाही, लाँचवरूनही नाही आणि काठावरूनही नाही. हे सगळं मी वर्षानुवर्षं लोकांवर ओरडून, भांडून बसवलंय. मी बिया भिजवलेलं पाणी ओतून दिलं. चूल मागं नेली. कुत्रं मागं बांधलं. कोंबडासुद्धा क्रेउझाबाईंकडे पोचवला, त्यांनी तो खाल्ला असा माझा संशय आहे. राहिला कंदील.

कंदिलाचं कोणी बोलेना. ओझिएल आला, टोपी काढून बसला, कॉफी प्याला, पावसाचं बोलला, आपल्या दाताचं बोलला, कंदिलाकडं बघून न बघितल्यासारखं केलं आणि गेला. दुसऱ्या दिवशी त्याचा बाप आला, कॉफी प्याला. मग क्रेउझाबाई. मग पलीकडच्या गावचे दोघं. येतात, बसतात, कॉफी पितात, काहीतरी भलतंच बोलतात, उठताना तुझ्या आईच्या खांद्यावर हात ठेवतात आणि जातात. आमची कॉफी संपली. निरोप सगळ्यांनी ऐकलेला ना. ज्या बाईनं इतकी वर्षं मुलीची वाट पाहिली तिला कंदील विझव म्हणायला जीभ कुणाची उचलेल? फक्त लाँचवाल्यांना काय, त्यांना आयतं सापडलं. एकदा ओझिएलच्या धक्क्यावर वाल्दिर दबक्या आवाजात म्हणाला, आल्देनोरकाका, आम्ही वळणावर आंधळ्यासारखे चाचपडत जातो आणि तुमच्या दारात नाताळ का? मी वर बघितलंच नाही.

मी काय काय केलं ते सांगायला लाज वाटत नाही, फक्त थकवा येतो. कंदिलाला तेलाच्या डब्याचा पत्रा गुंडाळला, म्हणजे उजेड फक्त नदीच्या खालच्या अंगाला जावा. तुझी आई म्हणाली, म्हाताऱ्या, कंदील आहे की नवरी, तोंड कशाला झाकतोस? मग ताडाचं पान आडवं बांधलं, ते पेटलं. मग म्हटलं, तेल संपलंय. तिनं खाटेखालून बाटली काढून माझ्यासमोर ठेवली. मग मी नाद सोडला. मनात म्हटलं, कदाचित चालेल. कदाचित यंदाच्या कासवांना उजेडाची सवय होईल. माणूस असंच काहीतरी म्हणतो.

त्यांना सवय झाली नाही. रोज पहाटे मी खाली जायचो तेव्हा वाळूवर माग असायचे. मादी पाण्यातून निघालेली, चार-सहा वाव वर आलेली, आणि मग वळून पुन्हा पाण्यात. असे माग, शेजारी शेजारी, घोड्याच्या नालांसारखे. एकही खड्डा नाही, एकही घरटं नाही. मी ताडाची झावळी घेऊन ते सगळे माग पुसून टाकायचो. राखणदारानं माग मोजायचे असतात, पुसायचे नसतात. पण तुझी आई उजाडल्यावर खाली कपडे धुवायला यायची, आणि ते माग तिनं बघावेत असं मला वाटत नव्हतं. ओझिएल विचारायचा, काका, आज? मी म्हणायचो, अजून नाही. तोही समजायचा. वर बघायचा, कंदिलाकडं, आणि मग होडी ढकलायचा. दिवस चालले होते. पोटात अंडी घेऊन कासवी किती थांबेल?

ज्या दिवसाचं सांगतोय त्या दिवशी मला उठायला उशीर झाला. गुडघे. मी शिडी उतरतोय तोवर तुझी आई खालून वर येत होती, कपड्यांची पाटी न घेता, दोन्ही हातांनी झगा पोटाशी उचलून धरलेला. मला वाटलं पडली, लागलं. तिनं मला बाजूला व्हायला सांगितलं, वर येऊन जमिनीवर बसली आणि झगा उघडला. अंडी. ओली, चिखलानं माखलेली, काही फुटलेली. धुण्याच्या फळीखाली, पाण्यातच पडलेली होती म्हणाली. कुणा एकीला थांबणं जमलं नाही, तिनं पाण्यातच टाकली. अशा अंड्यांचं काही होत नाही, पाणी शिरलं की गेली. तुझ्या आईनं ती एकेक पुसली आणि ओळीनं मांडून ठेवली, फुटलेलीसुद्धा. मी म्हटलं, एखादी असते अशी, घाबरट, दरवर्षी होतं. ती म्हणाली, "आल्देनोर, तू पहाटे झावळी घेऊन जातोस ते मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे."  मग म्हणाली, "ती रात्रभर माझ्या दारात उभी होती. पोट घेऊन. आणि मी तिच्या डोळ्यांत कंदील धरून बसले."

त्या संध्याकाळी तिनं खांबावरचा कंदील उतरवला. विझवून नव्हे, लावलाच नव्हता. काच पुसली, फडक्यात गुंडाळली आणि लहान झोळीच्या शेजारी ठेवली. मग शिडीच्या सगळ्यात खालच्या पायरीवर येऊन बसली. मी पण बसलो. अंधारात तिनं विचारलं, आता आली तर पोरीला कळेल कसं?  गेली कित्येक वर्षं मला सगळ्या गोष्टींची काळजी करायची इतकी सवय आहे की नेमकी हीच करायची मी विसरलो होतो.

माद्या वर आल्या. ऐक, मी आयुष्यभर हे बघत आलोय, पण कधी इतक्या जवळून बघितलं नव्हतं. आधी एक आली, थांबली, मान वर करून बराच वेळ बघत राहिली. मग ती चढायला लागली आणि तिच्या मागून सगळ्या. कवचावर कवच घासल्याचा आवाज, आणि वाळू उडाल्याचा. त्या आमच्या पायांपासून हातभर अंतरावरून जात होत्या. तुझी आई हळूच उठली आणि त्यांच्यातून चालत पाण्याच्या कडेपर्यंत गेली, पाय घासत, एकीलाही न दुखवता. का गेली, मला माहीत नाही. बघायला गेली असेल.

आणि त्याच वेळी लाँच आली. खालून, पलीकडच्या काठानं, दिवे झाकून, अगदी नियमाप्रमाणं. वाल्दिरची नव्हे, ती नवीन निळी, जिचा तांडेल परगावचा आहे आणि इथं कुणाला ओळखत नाही. अंधारात तिचा नुसता आकार सरकत होता. पुढं एकजण बांबू टाकत होता, त्याचा डुबुक डुबुक आवाज यायचा. प्रवासी झोळ्यांत झोपलेले असतील, किंवा गप्प राहायला सांगितलेले. ती आपल्या घरासमोर आली आणि तिच्यावर एक मूल रडलं.

लहान मूल, तान्हं. कोणीतरी त्याला गप्प केलं, ते गप्प झालं, आणि पुन्हा रडलं. तुझी आई पाण्यात घोट्यापर्यंत उभी होती. हाक मारली असती तर नक्की ऐकू गेली असती, नदी आता तेवढीच उरलीय. तिच्या चहूकडं कासवं चढत होती. एक हाक, आणि त्या सगळ्या वळल्या असत्या. तिनं स्वतःचा हात दातात धरला. लाँच दिसेनाशी होईपर्यंत, रडणं ऐकू येईनासं होईपर्यंत ती तशीच उभी राहिली. घरी आल्यावर मी तिच्या हातावर तेल लावलं. दातांचे वण अजून आहेत.

तेव्हापासून ती त्याबद्दल एक शब्द बोललेली नाही. पुळणीवर घरटीच घरटी आहेत, ओझिएल वेड्यासारखा हसत फिरतो, क्रेउझाबाईंनी कॉफी आणून दिली, आणि तुझी आई सगळ्यांना हो हो म्हणते. पण मूल कुणाचंही असेल ना? मी तिला तसं म्हटलं, आणि स्वतःलाही रोज म्हणतो. ती निळी लाँच बोआ-फेला पोचली आणि पाणी कमी म्हणून तिथंच अडकून पडलीय, पहिलं पाणी चढेपर्यंत खाली येणार नाही. क्रेउझाबाईंचा भाऊ डोणीनं तिकडं चाललाय, दुसरं पत्र त्याच्याकडं आहे. मी स्वतः जाणार होतो, बोचकंही बांधलं. तुझी आई म्हणाली, तू वर गेलास आणि ती खालून आली तर? म्हणून थांबलो. मला तांडेलाला दोष द्यायचा नाही, तो नियमानं गेला, आणि नियम माझाच. मी सारखं हेच डोळ्यांसमोर आणतो की तू कठड्याशी उभी आहेस, धक्का शोधतेयस, आणि वळणच ओळखू येत नाही, कारण तिथं कधी नव्हती ती वाळू आहे, आणि खांबावर कंदील नाही. आणि कंदील नाही म्हणजे आपल्या नदीवर काय समजतात ते तुला लहानपणापासून माहीत.

म्हणून लिहितोय, लिंदाल्वा. कंदिलाऐवजी हे पत्र आहे. आम्ही गेलेलो नाही, मेलेलो नाही, दोघंही इथंच आहोत, शिडीच्या खालच्या पायरीवर. माद्या डोहात थांबल्यात, पिलं निघून पाणी चढेपर्यंत त्या जागा सोडत नाहीत, आणि तोवर आमचा धक्काही अंधारातच राहील. तू बोआ-फेला असशील तर क्रेउझाबाईंच्या भावाबरोबर दिवसाउजेडी ये, तो डोणी हळू चालवतो, मी त्याला बजावलंय. मनाउसहून येणार असशील तर अलीकडेच ओझिएलच्या धक्क्यावर उतर, तिथं कंदील असतो, तो वळणाआड आहे, सकाळी मी घ्यायला येईन. आणि समज, यातलं काहीच जमलं नाही, तांडेल थांबला नाही, लाँच पुन्हा अंधारात आपल्या घरासमोरून चालली, आणि तुझ्याबरोबर जे कोणी आहे ते तान्हं मूलच असेल, तर एवढंच कर. ते रडलं तर त्याला गप्प करू नकोस. रडू दे. कासवं त्या आवाजाला बिचकत नाहीत. त्या रात्री मी नीट बघत होतो, मूल रडत होतं आणि एकही मादी मागं वळली नाही. आम्ही होडी पाण्याशीच ठेवलीय, वल्हं आतच आहे. आवाज आला की न बोलता निघू.

तुझाच,
धक्क्यावर बसलेला
बाबा